आपण समाधानी आहात काय?

रात्री दोनला आमच्या तात्यांच्या छातीत कळ आली. रिक्षानं इस्पितळ गाठलं. खिडकीतला गृहस्थ म्हणाला, "आधी डिपॉझिट भरा." म्हटलं, "अहो, आधी उपचार, मग कागद, असं सुप्रीम कोर्टानं १९८९ सालीच बजावलंय!" तो म्हणाला, "कोर्ट सकाळी उघडतं."

छातीत दुखत असेल तर दहा मिनिटांत ईसीजी काढावा, असं वैद्यकशास्त्र सांगतं. तात्यांचा पाऊण तासानं निघाला. नशीब, दुखणं गॅसचं ठरलं!

सकाळी बिलाला टाचलेला एक गुलाबी फॉर्म आला. पडदे स्वच्छ होते का? चहा गरम होता का? आपण समाधानी आहात काय? तात्यांनी चहाला पैकीच्या पैकी मार्क दिले.

माझं म्हणणं एवढंच, की जास्त अत्यवस्थ माणसाला जरूर आधी घ्या, आम्ही थांबू. पण का थांबायचं, ते कुणीतरी येऊन सांगा की! आणि फॉर्मवर एकच प्रश्न छापा: ईसीजी कितव्या मिनिटाला निघाला? तो छापायची छाती नसेल, तर चहाचे मार्क चहावाल्याला द्या. स्वतःच्या भिंतीवर लावू नका.