टॅलीचं दार उघडं ठेवू नका

नारायणगावच्या टोमॅटो उपबाजारातल्या आडत्यांनी व्हीपीएन वापरावं म्हटलं, की आक्षेप येतो: ते चोरून साइट पाहणाऱ्यांचं काम, आमचा धंदा सरळ आहे, आम्हाला काय लपवायचंय?

हा आक्षेप भलत्याच वस्तूवर आहे. मोबाइलवरच्या फुकट व्हीपीएन अ‍ॅपमधून तुमची सगळी ये-जा एका अनोळखी कंपनीच्या सर्व्हरमार्गे होते. त्याची तरफदारी मी करणार नाही. पेढीच्या व्हीपीएनचं दुसरं टोक आपल्याच ऑफिसातल्या राउटरवर असतं. वाशीच्या गाळ्यावरचा लॅपटॉप आधी ओळख पटवतो, दोन्हीकडच्या किल्ल्या जुळतात, मग प्रत्येक पॅकेट सांकेतिक करून दुसऱ्या पॅकेटात घातलं जातं. बाहेरून दिसतो तो फक्त ऑफिसचा पत्ता. आतली पट्टी, उचल, बाकी मधल्या कुणालाच वाचता येत नाही. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सर्ट-इननेही २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत व्हीपीएन विकणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायला सांगितलं, पण कंपन्यांची अंतर्गत व्हीपीएन त्यातून वगळल्याचा खुलासा केला.

दुसरा आक्षेप जास्त घातक आहे: हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर आताही घरून उघडतं, मग हा खर्च कशाला? उघडतं कसं, ते बघा. पुष्कळदा राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट साऱ्या जगाला खुला केलेला असतो. ३३८९ हा नेहमीचा आकडा बदलला म्हणून तो लपत नाही. असे पोर्ट शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. एक कच्चा पासवर्ड सापडला, की सगळ्या फायली कुलूपबंद आणि वर खंडणीची मागणी. ऐन हंगामात हे झालं तर अडकतो तो पेढीइतकाच शेतकरी, कारण त्याचा हिशेबही त्याच संगणकात असतो. दुसऱ्याच्या घामाचा हिशेब सांभाळणाऱ्याने एवढी काळजी घेतलीच पाहिजे. खर्चाचं म्हणाल, तर वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर फुकट आहे आणि २०२०पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. पैसे लागतात ते चांगल्या राउटरचे आणि जोडून देणाऱ्या जाणकाराचे.

मात्र ‘व्हीपीएन बसवलं, आता निर्धास्त’ हा विक्रेत्यांचा दावाही खोटा आहे. मे २०२१मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन ही मोठी इंधनवाहिनी बंद ठेवावी लागली. हल्लेखोर शिरले होते ते व्हीपीएनच्याच एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. त्याला पासवर्डपलीकडे दुसरी तपासणीच नव्हती. म्हणून पासवर्डसोबत ओटीपी हवाच, बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवा, आणि नोकरी सोडलेल्या दिवाणजीचं खातं त्याच दिवशी बंद व्हायला हवं.