शंका गाडीवर घेता, मालकावर का नाही?

जुम्म्याची नमाज आटोपली की अब्बांच्या जुन्या गॅरेजवर थोडा वेळ टेकायचं, ही आमची सवय. गेल्या महिन्यात तिथे एकाने मोबाईल पुढे केला. कुठल्याशा शहरात भर रस्त्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटलेली आणि लोक लांबून शूटिंग करताहेत. “देखा? मैं बोला था ना,” दुसरा म्हणाला. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, पण आम्हा पाचसहा जणांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू वर्षानुवर्षं अडकलेली उधारी वसूल झाली. त्यात माझाही चेहरा होता. घरी आल्यावर ते समाधान टोचायला लागलं, म्हणून हे लिहितो आहे.

ते समाधान कुठून आलं, हे समजणं अवघड नाही. वर्धाच काय, विदर्भातल्या कुठल्याही गावात जा. पंक्चर काढणारा, डेंटिंग-पेंटिंग करणारा, इंजिन उघडणारा मिस्त्री, यांत आपली मंडळी मोठ्या संख्येने दिसतात. सच्चर समितीने 2006 साली हेच आकड्यांनिशी मांडलं होतं: मुस्लिमांचा वाटा कायम पगारी नोकरीत कमी, स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त, आणि वाहनदुरुस्ती हा त्यातला एक ठळक धंदा. अब्बांची सगळी हयात बजाज चेतकवर गेली. सकाळी चालू होत नसेल तर ती स्कूटर आधी एका अंगाला कलंडवायची आणि मग किक मारायची, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. प्लग घासा, कार्बोरेटर उघडा, क्लचची केबल बदला, सायलेन्सरमधला कार्बन काढा. या एकेका कामावर एकेक घर चाललं. इलेक्ट्रिक गाडीत प्लग नाही, कार्बोरेटर नाही, पिस्टन नाही, सायलेन्सर नाही. बिघडतं ते कंट्रोलरमध्ये किंवा बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये, आणि ते तपासायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. तेव्हा ही गाडी जळावी असं मिस्त्रीला वाटलं, तर त्यात नवल काही नाही.

पण गाडीवरची शंका आता शिळी झाली आहे. 2022 च्या उन्हाळ्यात ती रास्त होती. पुण्यात रस्त्याकडेला उभी स्कूटर पेटली, नाशिकला कंटेनरमधल्या वीस स्कूटर एकदम जळाल्या, वसईला इलेक्ट्रिक कार पेटली. त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले आणि डिसेंबर 2022 पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, फक्त त्याचे व्हिडिओ कुणी पुढे पाठवत नाही. विक्रीनंतरच्या सेवेबद्दलच्या तक्रारी खऱ्या आहेत, त्या कराव्यात. मात्र ही गाडी चालणारच नाही, हा आपल्या गॅरेजवरचा सिद्धांत म्हणजे स्वतःला दिलेली झोपेची गोळी आहे.

माझी शंका वेगळी आहे, आणि ती वर्ध्यात बसून घेणं जरा जड जातं. कारण तिची सुरुवात बजाज या नावापासून होते.

या नावाने आमच्या गावाला काय दिलं, हे मी नाकारत नाही. माझं कॉलेज त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थेचं होतं. जमनालालजींनी 1928 मध्ये इथलं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी उघडलं, तेव्हा देशात असं करायला छाती लागत होती. गांधीजींना त्यांनी वर्ध्याला आणलं आणि त्यातून 1936 मध्ये सेवाग्राम उभं राहिलं. बजाज ऑटो ही कंपनी 1945 साली सुरू झाली ती ‘बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या नावाने, आणि बछराज म्हणजे जमनालालजींना दत्तक घेणारे वर्ध्याचेच शेठ. त्यांचे चिरंजीव कमलनयन तीनदा वर्ध्याचे खासदार होते. एवढं सगळं असल्यावर इथे त्या नावाकडे बोट दाखवलं की लोक म्हणतात, “काऊन बाप्पा, खाल्ल्या घरचे वासे मोजता?”

मोजतो. कारण याच सेवाग्रामातून गांधीजी विश्वस्ततेची गोष्ट सांगत होते. श्रीमंताने स्वतःला संपत्तीचा मालक समजू नये, तो फक्त राखणदार आहे आणि त्या संपत्तीत कष्ट करणाऱ्याचाही हक्क आहे, असा त्याचा साधा अर्थ. जमनालालजींना तर ते आपला पाचवा मुलगाच मानत.

आता 2013 साल बघा. 25 जूनपासून बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातल्या कामगारांनी काम बंद केलं. दिलीप पवार यांच्या नेतृत्वाखालच्या विश्व कल्याण कामगार संघटनेची एक मागणी अशी होती, की प्रत्येक कामगाराला कंपनीचे 500 शेअर एक रुपया दराने द्या. बाजारात तेव्हा एका शेअरचा भाव हजाराच्या बराच वर होता. देशभर हसू झालं. पगारवाढ मागा, समजू शकतो. शेअर कसले मागता? कंपनीने ती मागणी फेटाळली, उत्पादन दुसरीकडे हलवण्याची भाषा झाली, आणि पन्नास दिवसांनी संप मागे घ्यावा लागला. शेअर मिळाले नाहीत.

मला त्या पन्नास दिवसांत एका गोष्टीचं नवल वाटत राहिलं. वर्ध्यात गांधी जयंतीला भाषणं करणाऱ्या कुणीतरी उठून म्हणायला हवं होतं, की अरे, ही तर विश्वस्ततेचीच मागणी आहे! कामगार कारखाना जाळायला निघाले नव्हते, ताबा मागत नव्हते. जो नफा आमच्या हातून होतो, त्याच्या वहीत आमचंही नाव असू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. भाव एक रुपया असावा की पाचशे, यावर घासाघीस होऊ शकली असती. बड्या अधिकाऱ्यांना शेअर देण्याची पद्धत कंपन्यांत आहेच आणि तेव्हा कुणी हसत नाही. नटबोल्ट आवळणाऱ्याने मागितले की विनोद होतो.

हा इतिहास इलेक्ट्रिक गाडीशी कसा जोडला जातो, तेही सांगतो. पुण्याजवळच्या आकुर्डीचा कारखाना हा चेतकचं घर. 2007 मध्ये कंपनीने तिथलं उत्पादन थांबवलं. अडीच हजारांहून जास्त कामगारांच्या हातचं काम गेलं. जानेवारी 2020 मध्ये चेतक विजेवर परत आली, आणि जून 2022 मध्ये त्याच आकुर्डीत इलेक्ट्रिक गाड्यांच्या नव्या कारखान्याचं उद्घाटन झालं. गुंतवणूक 300 कोटी, क्षमता वर्षाला 5 लाख गाड्यांची. छान झालं. जुनं नाव, जुनी जागा, जुन्या आठवणी यांचा जाहिरातीत पुरेपूर वापर झाला. पण मी वाचलेल्या उद्घाटनाच्या बातम्यांत कोटी होते, चौरस फूट होते, रोबो होते. लाइनवर उभ्या राहणाऱ्यांपैकी कायम किती आणि ठेकेदाराचे किती, हा आकडा नव्हता. विचारावा असं कुणाला वाटलंच नसेल.

मला वाटतं, कारण माझ्या मामूंचा मुलगा चाकणला आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी एक कंपनी, ज्यात इलेक्ट्रिक गाडीचेही भाग होतात. आयटीआय करून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गेला, त्याला पाच वर्षं झाली. एवढ्या काळात ठेकेदार तीनदा बदलला, मशीन तेच राहिलं. टोपी कंपनीची आणि गेटपास ठेकेदाराचा. अकरा महिने भरत आले की दहाबारा दिवस घरी बसवतात आणि मग कागदावर नव्याने भरती. आधी तर तो ‘ट्रेनी’ होता. ट्रेनी म्हणजे काम कामगाराचं आणि मोबदला शिकणाऱ्याचा. अशी पोरं आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, यवतमाळ, सगळीकडून तिथे गेली आहेत. त्यात जातधर्माचा भेद नाही. खोलीत सहा जण, पाळीप्रमाणे झोप. ज्या गाडीमुळे बापाचं गॅरेज बसतं, तीच गाडी पोरगा पुण्याला जोडतो, आणि दोन्ही टोकांना त्याच्या हातात कायमचं काही पडत नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. जुलै 2025 मध्ये मुंबईत बीकेसीला टेस्लाचं दुकान उघडलं. साठ लाखांच्या आसपास किंमत, गाडी शांघायहून आलेली, मुख्यमंत्री उद्घाटनाला. कारखाना महाराष्ट्रात काढा, असं निमंत्रणही देऊन झालं. पाहुणा घरी बोलवताना त्याची दुसऱ्याच्या घरातली वागणूक विचारायची रीत असते. स्वीडनमध्ये टेस्लाचा कारखाना नाही, फक्त दुरुस्तीच्या कार्यशाळा आहेत. तिथल्या मेकॅनिकांनी, म्हणजे आपल्या भाषेत गॅरेजवाल्यांनी, 27 ऑक्टोबर 2023 पासून संप केला. मागणी एकच: संघटनेशी सामूहिक करार करा. त्या देशात किमान वेतनाचा कायदाच नाही, सगळं या करारांवर चालतं. कंपनीने सही केली नाही. मग गोदी कामगारांनी टेस्ला उतरवणं थांबवलं, टपाल कामगारांनी तिच्या नंबरप्लेटा पोचवणं थांबवलं. जर्मनीत ग्रुनहाइडे गावाने कारखान्याच्या विस्तारावर 2024 मध्ये मतदान घेतलं आणि बहुमताने नको म्हटलं. गावाला जंगलाची आणि पाण्याची काळजी होती. त्या लोकांनी बॅटरीवर शंका घेतली नाही. करार कुठे आहे, पाणी कुणाचं, हे विचारलं.

आपलं सरकार काय विचारतं? महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणाने इलेक्ट्रिक कारला समृद्धी महामार्गावर टोल माफ केला. हा महामार्ग आमच्या जिल्ह्याची शेतं कापत गेला आहे. त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला मुळात मनाई. म्हणजे चेतकवाल्याला तिथे जाताच येत नाही आणि साठ लाखवाल्याला फुकट. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवसाचा कामाचा वेळ नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. नोव्हेंबरमध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, आणि कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली.

कुणी म्हणेल, मालकाचा पैसा, मालकाची जोखीम, तुम्ही कोण विचारणारे? ठीक. मग अनुदान कुणाचं? इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या केंद्राच्या ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा 10,000 कोटींचा होता, त्यानंतरची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ 10,900 कोटींची. वाहन उद्योगाच्या उत्पादन प्रोत्साहन योजनेत अट आहे, की गाडीतलं किमान 50 टक्के मूल्य देशात तयार झालेलं हवं. सुटे भाग परदेशी निघाले म्हणून सरकारने काही कंपन्यांकडून अनुदान परत मागितलंसुद्धा. म्हणजे अट घालता येते आणि ती तपासताही येते. स्क्रू कुठल्या देशाचा, हे विचारणारं सरकार तो आवळणारा किती महिन्यांचा, हेही विचारू शकतं. लाइनवरचे इतके टक्के कामगार कायम असतील तरच अनुदान, एवढी एक ओळ घालायला काय जातं? दुसरी ओळ गॅरेजवाल्यांसाठी: तपासणीचं सॉफ्टवेअर आणि सुटे भाग रास्त दराने बाहेरच्या मिस्त्रीला मिळालेच पाहिजेत. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने 2022 मध्ये समिती नेमली, पोर्टल काढलं. पोर्टलवर पाना मिळत नाही.

आणि आपल्या मोहल्ल्याशीही मला दोन शब्द बोलायचे आहेत. गॅरेजवर बसून जळक्या गाड्यांचे व्हिडिओ बघण्यात आपली चारपाच वर्षं गेली. ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ असा दोन वर्षांचा ट्रेड आयटीआयमध्ये आला आहे, त्याची चौकशी आपल्यातल्या किती जणांनी केली? संघटना म्हटलं की ‘अपने को लफड़े में नहीं पड़ना’ हे ठरलेलं उत्तर. चाकणच्या त्या पोरांनी पन्नास दिवस पगाराविना काढले, तेव्हा आपण त्यांना हसणाऱ्यांत होतो. मीही होतो.

परवा मामूंचा मुलगा सुट्टीवर आला होता. शेजारची बंद पडलेली इलेक्ट्रिक स्कूटर कुणीतरी ढकलत अब्बांच्या गॅरेजवर आणली. अब्बा लांबूनच बघत राहिले. पोराने सीटखालचं झाकण काढलं, मीटर लावला, एक ढिला कनेक्टर दाबून बसवला आणि गाडी चालू झाली. अब्बा जवळ आले, चष्मा लावून आतल्या डब्यावरचं स्टिकर वाचायला लागले. उघडल्यास वॉरंटी रद्द, असं त्यावर होतं.

“ये कौन चिपकाता है?” त्यांनी विचारलं.

“हम ही चिपकाते हैं, फूफाजी. एका शिफ्टला तीनशे.”