ग्राम्य शब्द

मुंबईचे रॅपगायक उमेश खाडे यांचें, पुढाऱ्यांनीं जनता 'भोंगळी' केली अशा अर्थाचें गाणें आमच्या नातवानें परवां आम्हांस ऐकविलें. 2023 च्या एप्रिलांत याच गाण्यापायीं त्यांजवर पोलिसांनीं गुन्हा नोंदविला होता. छत्रपती संभाजीनगरचे राज मुंगासे यांच्या रॅपचीही त्याच महिन्यांत तीच गत झाली.

तो शब्द कानीं पडतांच सूनबाईंनीं लहान मुलांस आंत बोलाविलें. आमचीही भिवई चढली, हें कबूल करतों. वस्तुतः ढाणकीस उघड्या पोरास भोंगळेंच म्हणतात, व त्यांत कोणी शिवी पाहत नाहीं! गायन असें त्यांत थोडेंच. तालावरचें सयमक पठण तें.

मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त ग्राम्यता दोषांत गणिली खरी. परंतु वक्त्याच्या औचित्यानें दोषही क्वचित् गुण होतो, हेंही त्यानेंच सांगितलें आहे. दोष काढावा तो श्रोत्यानें. फौजदाराच्या वहींत तो लिहिण्याचें प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं. लुबाडला गेलेला माणूस 'विवस्त्र' म्हणेल काय? तो शब्द तेथें घालून आम्हीं मांडीवर ताल धरून पाहिला. नातू हंसला, आणि आंतून सूनबाईही.