बामाचा निकाल आणि बढतीचा हुकूम

प्रति,
राष्ट्रीय पोलीस आयोग, कोलंबो, श्रीलंका

१४ डिसेंबर २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आयोगाच्या दप्तरी आहेच. मिरिहाना पोलिसांनी एका माजी सैनिकाला बेकायदा डांबले, मारले, त्याच्या गुप्तांगाला बाम चोळला. नुगेगोडा विभागाचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी देशबंदू तेन्नकोन यांना न्यायालयाने या छळाबद्दल दोषी धरले, पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि शिस्तभंगाच्या कारवाईचे निर्देश आयोगाला दिले. हा न्याय मिळायला त्या माणसाची दहा वर्षांहून अधिक गेली.

निकालाच्या दिवशी तेन्नकोन हंगामी पोलीस महानिरीक्षक होते. त्यानंतर ७४ दिवसांनी, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी, ते त्याच खुर्चीवर कायम झाले. नेमणूक राष्ट्रपतींची, मंजुरी घटनात्मक परिषदेची, हे मान्य. पण शिस्तभंगाचे निर्देश आयोगाच्या नावे होते, आणि ती कारवाई होण्याआधीच हुकूम निघाला! पोलीस ठाण्यात मार खाल्लेल्या माणसाने यानंतर तक्रार कोणाच्या भरवशावर करायची?

पुढचे सगळ्या देशाने पाहिले. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना कामकाजापासून रोखले. ३१ डिसेंबर २०२३ च्या वेलिगामा गोळीबारात पोलिसांच्याच दोन पथकांची चकमक होऊन एक पोलीस ठार झाला होता. त्या प्रकरणी अटकेचा आदेश निघाल्यावर तेन्नकोन सुमारे तीन आठवडे सापडलेच नाहीत. मार्च २०२५ मध्ये ते मातरा न्यायालयात स्वतःहून हजर झाले. अखेर ५ ऑगस्ट २०२५ रोजी संसदेने त्यांना पदावरून हटवले. बाजूने १७७ मते पडली, विरोधात एकही नाही.

आयोगाचे हात बांधले गेले होते, ही सबब २०१० आणि २०२० च्या घटनादुरुस्त्यांपुरती खरी. २०२२ च्या एकविसाव्या दुरुस्तीने अधिकार परत आले. म्हणजे बामाचा निकाल लागला तेव्हा आयोग समर्थ होता.

आता नवे महानिरीक्षक आले आहेत, पण छळाचा ठपका बसलेले बाकीचे अधिकारी कुठे आहेत? मूलभूत हक्कांच्या खटल्यांत दोषी ठरलेल्या प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याचे नाव, त्याचे सध्याचे पद आणि त्याच्यावर झालेली कारवाई आयोगाने सिंहली, तमिळ आणि इंग्रजीत जाहीर करावी. कारवाई पूर्ण होईपर्यंत त्यांची बढती थांबवावी. भरपाईची रक्कम त्यांच्या खिशातून वसूल झाली की नाही, तेही त्याच यादीत छापावे.