दप्तरबंद आघात

आघात शब्दांच्या आवाक्याबाहेर असतो, हे गृहीतक मराठी समीक्षेने फार सहजपणे स्वीकारले आहे. ज्यूंच्या संहाराच्या साक्षींतून घडलेली ही मांडणी कॅथी कॅरुथ यांच्या १९९६ च्या ग्रंथानंतर विद्यापीठीय अभ्यासात रूढ झाली. तिचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती जशीच्या तशी मराठवाड्याला लावली, की सत्तेने लादलेले मौन पीडिताच्या मनोव्यापाराच्या खाती मांडले जाते. हा दोष पद्धतीचा आहे, तसाच नैतिकही.

औरंगाबाद–पैठण रस्त्यावरचे बिडकीन १९४८ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. रझाकारांच्या दहशतीने संस्थानातील गावे होरपळत होती. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खान यांची २२ ऑगस्टला हत्या झाली. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतले. या लष्करी मोहिमेचे रूढ नाव मात्र ‘पोलीस कारवाई’. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे हा प्रश्न आला, तेव्हा हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्रच नव्हे, अशी भारताची भूमिका होती. विधिदृष्ट्या ती समर्थनीय असेल. पण प्रश्न अंतर्गत ठरला, की प्रजेचे काय झाले हे विचारण्याचा अधिकारही कारवाई करणाऱ्याकडेच जातो. ‘पोलीस’ या एका शब्दाचे राजकारण ते हेच.

तरीही विचारणा झाली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानातील सोळांपैकी नऊ जिल्हे पाहिले. न पाहिलेल्या १०९ गावांतील पाचशेहून अधिक माणसांच्या जबान्या घेतल्या. कारवाईच्या काळात व तिच्यानंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे, मुख्यतः मुसलमान, मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. याच आठवड्यांत पॅरिसमध्ये वंशसंहारविरोधी करार आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत होत होता. अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. तेव्हा माणसे बोलली नाहीत, हे खोटे आहे. ती बोलली, त्यांचे बोलणे लिहून घेतले गेले आणि लिहिलेले दप्तरबंद झाले. अशा मौनाला अव्यक्ततेचे तत्त्वज्ञान चिकटवणे म्हणजे कुलूप लावणाऱ्याला निर्दोष ठरवणे होय.

यावर आक्षेप येईल, की ही मांडणी रझाकारांचे पाप सौम्य करते. वस्तुतः दोन्ही दुःखे एकाच भूमीची आहेत. एकाला १७ सप्टेंबरचा मुक्तिदिन, हुतात्मास्मारके आणि पाठ्यपुस्तके लाभली, ते रास्तच झाले. दुसऱ्याला साधी तारीखही मिळाली नाही. पीडितांची अशी उतरंड लावणे हे सत्तेचे काम असते. समीक्षेने ते उचलू नये. त्याच अहवालात हिंदू विणकरांनी प्राणांची किंमत मोजून मुसलमान विणकरांना वाचवल्याचीही नोंद आहे. अहवाल झाकणाऱ्यांनी ही माणुसकीही झाकली.

आज बिडकीनची ओळख दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेतील वसाहत म्हणून सांगितली जाते. अशा गावाच्या स्मृतीकडे जाताना अभ्यासकाने आघात व्यक्त होऊ शकतो का, हे नंतर विचारावे. आधी विचारावे: कोणाला विचारले गेले, कोणी लिहून घेतले आणि ते कागद कोणी दडवले?