पोपट पाळण्याचा खरा हिशेब

महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या पडवीत वा सज्ज्यात पोपटाचा पिंजरा पिढ्यान्‌पिढ्या टांगलेला आढळतो. सकाळी भिजलेली डाळ व हिरवी मिरची, दुपारी पेरूची फोड, सायंकाळी चहात बुडविलेले बिस्कीट आणि मुलांकडून चार शब्दांची शिकवणी, एवढ्यावर त्याचे संगोपन यथास्थित झाले असे मानले जाते. घरातील माणसांची त्याच्यावर माया असते, यात शंका नाही. परंतु मायेने माहितीची उणीव भरून निघत नाही, आणि या उणिवेची किंमत तो मुका नसलेला, पण स्वतःचे दुखणे सांगू न शकणारा जीव मोजत असतो.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. आपल्याकडील हिरवा राघू काय किंवा खांद्यावर लाल डाग मिरविणारा मोठा पहाडी पोपट काय, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहेत. भारतीय वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. म्हणजे असा पोपट विकणे हा जसा गुन्हा, तसाच तो विकत घेऊन पिंजऱ्यात ठेवणे हाही गुन्हाच. तरीही व्यापार चालतो, कारण मागणी आहे. झाडांच्या ढोलीतून पिल्ले काढली जातात, दाटीवाटीने टोपल्यांत कोंबून बाजारात आणली जातात आणि त्यांतील अनेक वाटेतच मरतात. ग्राहकाला दिसते ती जगलेल्या एका पिल्लाची किंमत. मेलेल्यांचा खर्च कोणत्याच पावतीवर येत नाही.

दुसरी बाजू स्वभावाची. पोपट हा थव्याचा पक्षी आहे. दिवसभर उडणे, अन्न शोधणे, कुरतडणे आणि सोबत्यांशी सतत बोलणे हा त्याचा नित्यक्रम. त्याची बुद्धी ‘पोपटपंची’ या शब्दाने सुचविली जाते तेवढी अल्प नाही. आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली शिकागोत विकत घेतलेला ‘ॲलेक्स’ हा आफ्रिकी करडा पोपट २००७ साली मरण पावला. त्या अवधीत तो रंग, आकार व पदार्थ यांची नावे आणि सहापर्यंतच्या संख्या अर्थ जाणून वापरू लागला होता. असा जीव हातभर पिंजऱ्यात एकटा ठेवल्यास तो किंचाळतो, चावतो किंवा स्वतःचीच पिसे उपटतो. मालक याला खोड म्हणतो; वस्तुतः ती बहुधा कंटाळ्याची, भीतीची वा आजाराची खूण असते.

आहाराबाबतही गैरसमज रूढ आहेत. मिरचीबद्दल अनेकांना शंका वाटते, पण पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही. खरा अपाय होतो तो केवळ दाण्यांवर, विशेषतः सूर्यफुलाच्या बियांवर ठेवल्याने. त्यातून स्थूलता, यकृताचे विकार आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव उद्‌भवते. पालेभाज्या, गाजर व फळे हवीत; चहा, चॉकलेट, खारट फरसाण आणि ॲव्होकाडो कटाक्षाने वर्ज्य. न चिकटणारा तवा अतितप्त झाल्यास त्याची वाफ माणसाच्या ध्यानातही येत नाही, पण पक्ष्याचा जीव घेते. रात्री दहा-बारा तासांची शांत झोप आणि कमी-अधिक जाडीच्या फांद्यांची बैठक, एवढे तरी त्याला मिळावयास हवे.

पोपट आजार लपवितो. रानात दुर्बल दिसणारा पक्षी शिकाऱ्याचे भक्ष्य होतो, म्हणून ही त्याची उपजत वृत्ती. पिसे फुगवून बसणे, श्वासागणिक शेपूट खाली-वर होणे, विष्ठेत बदल, वजनात घट ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा दुखणे बहुधा पुढे गेलेले असते. स्वयंपाकघरातील काट्यावर दर आठवड्यास त्याचे वजन घेणे हा स्वस्त व विश्वसनीय उपाय आहे. सिटॅकोसिस हा पोपटापासून माणसास होणारा फुप्फुसाचा रोग १९२९-३० साली अनेक देशांत पसरला होता, हेही विसरून चालणार नाही. मात्र बेकायदा पोपट बाळगणारा मालक वैद्याकडे जाण्यास साहजिकच कचरतो आणि पक्षी उपचारावाचून राहतो.

मग बजरी किंवा कॉकाटील यांसारखे पिंजऱ्यातच पैदास झालेले परदेशी पक्षी पाळावेत काय? कायद्याची अडचण तेथे कमी आहे; जबाबदारी मात्र तीच. आफ्रिकी करड्यासारख्या संरक्षित जातींच्या पक्ष्यांची २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी आवश्यक आहे, आणि तो पक्षी चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो. चाळिशीत असा पक्षी घेणाऱ्याने आपल्या पश्चात त्याचे कोण पाहील, याचाही विचार आधीच केला पाहिजे.

ज्यांच्या घरी देशी पोपट आहे त्यांनी पश्चात्तापाच्या भरात पिंजऱ्याचे दार उघडू नये. उडण्याची सवय गेलेला, अन्न शोधण्यास न शिकलेला पक्षी कावळ्यामांजरांच्या तावडीत सापडतो. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून तो त्यांच्या स्वाधीन करणे हाच योग्य मार्ग. आणि ज्यांना पोपटाची आवड आहे, त्यांनी सायंकाळी वड-पिंपळावर उतरणारा थवा मुलांना दाखवावा. त्याला दमडीचाही खर्च नाही आणि त्यापायी एकही ढोली रिकामी होत नाही.