धूर मोजा, जन्मसाल नका मोजू

(पोस्ट लांब आहे. गाड्यांमध्ये रस नसला तरी वाचा. विषय गाडीचा कमी आणि कायद्याचा जास्त आहे.)

कॅलिफोर्नियात दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या आहेत असं समजा. दोन्ही लिंकन कॉन्टिनेंटल मार्क फोर. दोन्ही जवळपास १९ फूट लांब, दोन्हींना दोनच दारं, मागच्या खांबात ती प्रसिद्ध अंडाकृती खिडकी आणि बॉनेटखाली तेच साडेसात लिटरचं व्ही-८ इंजिन. फरक एकच. एक १९७५चं मॉडेल, दुसरी १९७६चं.

पहिलीला स्मॉग चेक नाही. आयुष्यात कधीच नाही. दुसरीला दर दोन वर्षांनी, भंगारात जाईपर्यंत.

का? धूर जास्त म्हणून? अजिबात नाही. पूर्वी नियम फिरता होता : गाडी ३० वर्षांची झाली की तपासणीतून सुटायची. २००४ साली विधिमंडळाने तो नियम गोठवला आणि काटा १९७५वर अडकला, तो आजतागायत तिथेच आहे. तेव्हापासून पुढच्या कुठल्याही गाडीला म्हातारपणाची सवलत नाही.

ज्यांना या गाड्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत यांना ‘पर्सनल लक्झरी कूप’ म्हणतात. धड स्पोर्ट्स कार नाही, धड कुटुंबाची गाडी नाही. लांबलचक बॉनेट, गुबगुबीत सीट, मागे बसणाऱ्यांचे थोडे हालच. १९५८ची चार सीटची थंडरबर्ड, १९६३ची ब्यूक रिव्हिएरा ही सुरुवातीची देखणी मंडळी. मग १९७०मध्ये शेव्हरोलेने मॉन्टे कार्लो काढली आणि हा थाट मध्यमवर्गाच्या हप्त्यात बसायला लागला. १९७६मध्ये तर अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेली गाडी होती ऑल्डस्मोबिल कटलस, आणि तिच्यातली ‘कटलस सुप्रीम’ कूप याच जातीची. तेव्हा ‘श्रीमंतांची खेळणी’ हा शेरा मारण्याआधी जरा थांबा.

माझ्याकडे १९७६ची कटलस सुप्रीम आहे. शोपीस नाही. रोज कामाला नेते. म्हणूनच हे पोटतिडकीने लिहितेय.

आता तपासणी कशी होते ते बघा. गाडी रोलरवर चढवतात, चालवतात आणि सायलेन्सरमधून काय बाहेर पडतं ते मोजतात. हे उत्तम. याला माझा शून्य विरोध. पण त्यानंतर बॉनेट उघडून कारखान्याने बसवलेला प्रत्येक प्रदूषण-नियंत्रक भाग जागेवर आहे का, तेही बघतात. माझ्या गाडीचे धुराचे आकडे मर्यादेच्या आत होते, तरी नापास! कारण एअर क्लीनरला गरम हवा पुरवणारी एक नळी जागेवर नव्हती. पन्नाशीला आलेल्या गाडीची नळी. धूर स्वच्छ, पण नळी नाही, म्हणून गाडी दोषी.

आणि सुधारणा करायची म्हटली तर विचारूच नका. जुना कार्ब्युरेटर हे मुळात अंदाजपंचे यंत्र. थंडीत वेगळं वागतं, डोंगरावर वेगळं. तो काढून इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवलं, तर सेन्सर धुरातला ऑक्सिजन बघून पेट्रोलचं प्रमाण क्षणाक्षणाला जुळवतो. नीट ट्यून केलं तर धूर कमी व्हायला मदतच होते. पण त्या किटला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक नसेल तर पुन्हा नापास. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचं तंत्र चालेल, त्याहून बरं तंत्र चालणार नाही, कारण कागदावर शिक्का नाही. शेजारच्या १९७५वाल्याने मात्र आतलं सगळं उपसून टाकलं तरी त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. कायद्याने त्यालाही ते भाग काढायची परवानगी नाही. पण तपासणारच कोण?

गंमत पुढेच आहे. शहाणपणाचा नियम याच राज्याच्या कायद्यात आधीपासून लिहिलेला आहे! गाडी किमान ३५ वर्षांची असेल, तिने आपल्या वर्षाच्या धुराच्या मर्यादा पाळल्या, पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट असलं आणि कुठे गळती नसली, तर बाकीच्या नळ्या कोणी मोजत बसत नाही. मग अडचण काय? अट आहे की गाडीचा ‘कलेक्टर’ विमा हवा. आणि हा विमा साधारणपणे मिळतो कोणाला? ज्याच्याकडे बंद गॅरेज आहे, रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे आणि जो ही गाडी फक्त रविवारी मिरवायला काढतो त्याला. जिची जुनी गाडी हीच एकमेव गाडी आहे, तिने नळ्या शोधत फिरावं.

धूर तोच. विमा वेगळा. न्याय वेगळा.

म्हणूनच ‘लेनोज लॉ’ नावाने गाजलेलं एसबी ७१२ हे विधेयक मला कधीच पटलं नाही. जे लेनो एप्रिल २०२५मध्ये स्वतः सॅक्रामेंटोला जाऊन त्याच्या बाजूने बोलला. माणूस गाड्यांचा खरा प्रेमी आहे, वाद नाही. पण विधेयकाची मागणी काय होती? ३५ वर्षांवरच्या, कलेक्टर विमा असलेल्या गाड्यांना स्मॉग चेकच नको. म्हणजे विम्याची अट ठेवली आणि धुराचं मोजमाप काढून टाकलं! नेमकं उलटं करायला हवं होतं. सिनेटने ते मंजूर केलं, पण ऑगस्ट २०२५मध्ये असेंब्लीच्या अर्थविषयक समितीत ते अडकलं. आमच्या जुन्या गाडीवाल्यांनी सुतक पाळलं. मी नाही पाळलं.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना न आवडणारी गोष्ट सांगते. पर्यावरणवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. जुनी गाडी मैलामागे नव्या गाडीच्या कितीतरी पट घाण सोडते. लॉस एंजेलिसचं खोरं असो की सॅन वॉकिन व्हॅली, तिथली हवा देशातल्या सगळ्यात वाईट हवांपैकी आहे, आणि ती हवा हमरस्त्यालगतच्या स्वस्त घरांतली पोरं आधी ओढतात. ‘आमच्या गाड्या आहेतच किती, त्याने काय होणार’ हे उत्तर नाही, पळवाट आहे. मला सूट नकोच आहे. मला मोजमाप हवंय. आणि मोजायचंच तर १९७५च्या आधीच्याही मोजा. प्रत्येकीला तिच्या काळाची मर्यादा लावा, पण मोजा.

‘सरकार असले कायदे बदलत नसतं’ म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. गाडी चाकाच्या रिमच्या खाली झुकवायची नाही, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९५८ साली केला होता. त्याचा फटका बसला तो मेक्सिकन-अमेरिकन लोरायडरवाल्यांना. याच रिव्हिएरा, मॉन्टे कार्लो, कटलस रंगवून, नटवून, खाली झुकवून मिरवणारी ही मंडळी. त्यांनी हायड्रॉलिक्स लावून गाडी खालीवर करण्याची युक्ती काढली, वर्षानुवर्षं पोलिसांच्या पावत्या झेलल्या, पण मागणी सोडली नाही. शेवटी एबी ४३६ मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२४पासून ती बंदी गेली, शहरांनी घातलेली ‘क्रूझिंग’बंदीही गेली. साठ-पासष्ट वर्षं लागली, पण गेली.

तिकडच्या मित्रांनो, हे वाचून ‘अमेरिकेतले चोचले’ म्हणू नका. दिल्लीत डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची रेघ ओढली, तेव्हाही हाच प्रश्न होता : गाडी धूर किती सोडते हे बघायचं की ती जन्मली कधी हे बघायचं? जन्मतारीख बघणं सोपं असतं. त्याला यंत्र लागत नाही, प्रामाणिक तपासनीस लागत नाही. आणि मोजमाप कागदापुरतं उरलं की काय होतं, हे पीयूसी काढणाऱ्यांना मी काय सांगू!

माझ्या मागण्या तीनच.

१. धुराची आणि गळतीची तपासणी पास झाली की ३५ वर्षांवरच्या प्रत्येक गाडीला नळ्यांच्या हजेरीतून सूट. विमा कुठलाही असो.

२. मूळ इंजिनापेक्षा धूर कमी करणारा कुठलाही बदल कायदेशीर. पुरावा म्हणजे यंत्रावरचा आकडा.

३. १९७५ची रेघ पुसा. मोजमाप सगळ्यांना.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी आपापल्या असेंब्ली मेंबरला हे लिहावं. पुढच्या अधिवेशनात कोणीतरी पुन्हा विधेयक आणेलच. त्यात विम्याऐवजी धुराची अट असेल, एवढं बघूया.

आणि हो, ‘एवढी पेट्रोल पिणारी गाडी विकून टाक’ ही कमेंट लिहायला आला असाल, तर आधी तुमच्या गाडीचा धूर किती, तो आकडा टाका. मग बोलू.